तळण आणि खोबरं बंद झालंय, कोळंबीचं हलकं सॅलड घरी कसं करू?

कर्वेनगरची सून

नमस्कार मंडळी,

आमचे सासरे मूळचे गुहागरकडचे, वय ७२. मध्यंतरी रक्त तपासलं तेव्हा कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी तळण, नारळाचं वाटण, साय-लोणी सगळं बंद करायला सांगितलं. मासे मात्र खा म्हणाले, आठवड्यातून दोनदा तरी खा. अडचण अशी की आमच्याकडे मासे म्हणजे रव्यात घोळवून तळलेली सुरमई, नाहीतर खोबऱ्याचं दाट कालवण. ही दोन्ही गेल्यावर पानात वाढायचं काय? परवा मी नुसती मीठ-हळद घालून उकडलेली कोळंबी दिली. त्यांनी दोन घास घेतले, उरलेली बाजूला सारली आणि वरणभात जेवले. बोलले काही नाहीत, पण माझ्या मनाला फार लागलं.

एका लग्नात गार कोळंबीचं सॅलड होतं, ते बाबांनी मागून घेतलं होतं. ते मेयोनीजमध्ये बुडवलेलं होतं, त्यामुळे तसंच्या तसं घरी करून उपयोग नाही. मेयोनीज न घालता तसं काही जमेल का? पुण्यात त्यासाठी कुठली मासळी घ्यावी, कुठून घ्यावी? रविवारी केलं तर सोमवारी डब्यात नेता येईल का? आणखी एक म्हणजे, दह्याचा चक्का घालावा असं मी वाचलंय, पण सासूबाईंना मासे आणि दही एकत्र अजिबात चालत नाही.

डेक्कनवाली

मी लाइट मेयोनीज वापरते, साध्यापेक्षा फॅट बरंच कमी असतं. आइसबर्ग, काकडी, स्वीटकॉर्न आणि गोठवलेल्या क्रॅब स्टिक्सचे तुकडे घालायचे, दहा मिनिटांत तयार होतं. माझी मुलं आवडीनं खातात. सोललेली फ्रोझन कोळंबीही चालते, सोलत बसायला नको.

हर्णैकर

सूनबाई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. माझं बालपण हर्णै बंदरावर गेलं. संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूतच लिलाव व्हायचा, आणि त्यातली मासळी रात्री ताटात असायची. नोकरीनिमित्त पुण्यात आलो तो इथलाच झालो. बायपास झाल्यापासून मी स्वतःही तळण खात नाही, त्यामुळे हे सॅलड आमच्या घरी नेहमीचं आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. मेयोनीज कोळंबीची चव वाढवत नाही, झाकतं. कोळंबी शिळी असली, पाणचट असली, जास्त शिजली असली, तरी वर तेलकट पांढरं आवरण आलं की जिभेला कळत नाही. ते काढून टाकलं की कोळंबी उघडी पडते. म्हणून मेयोनीजऐवजी काय घालू हा प्रश्न नंतरचा. जो पैसा बाटलीवर जाणार तो मासळीवर घाला, आणि जो वेळ सजावटीत जाणार तो शिजवण्यावर द्या. एवढं केलंत तर चवीची निम्मी लढाई बाजारातच जिंकाल.

कर्वेनगरातून गणेश पेठेतला मासळी बाजार फार लांब नाही. कॅम्पात जाणं होत असेल तर शिवाजी मार्केटही चांगलं. सकाळी लवकर जा. दुपारपर्यंत बर्फ वितळून मासळी पाण्यात पडलेली असते, आणि मासळीचा खरा शत्रू ते पाणी. सोललेली कोळंबी घेऊ नका, डोक्यासकट आख्खी घ्या. डोकं घट्ट बसलेलं हवं, साल चकचकीत हवी, अंग बोटाला कडक लागलं पाहिजे. डोकं काळं पडून लोंबत असेल तर पुढे चला. बाजारात मत्स्यशेतीतली पांढरी कोळंबी भरपूर येते. ती एकसारख्या आकाराची असल्यामुळे सगळी एकाच वेळी शिजते, म्हणजे सॅलडला उलट सोयीचीच. समुद्रातली मिळाली तर चवीला वरचढ, पण तिच्यातली लहानमोठी वेगळी करून शिजवावी लागते. अर्धा किलो आख्खी घेतलीत तर सोलून पाव किलोच्या आसपास उरेल. चार माणसांना पुरते.

डोकी आणि सालं टाकायची नाहीत. या सॅलडचा सगळा जीव त्यांच्यात आहे. फॅट कमी केलं की पदार्थ बेचव का लागतो? कारण पुष्कळसे स्वाद तेलात उतरतात आणि तेल ते जिभेवर रेंगाळत ठेवतं. तेल नसेल तर तेवढा स्वाद दुसरीकडून आणायला हवा, तोही दाट. म्हणून डोकी-सालं स्वच्छ धुऊन पातेल्यात टाका. पाच-सहा मिरीदाणे, आल्याचा ठेचलेला तुकडा, कोथिंबिरीचे देठ, चिमूटभर मीठ आणि अर्धा लिटर पाणी घाला. पंधरा मिनिटं मंद उकळा, फेस येईल तो काढत राहा, मग गाळून घ्या. दरम्यान कोळंबीच्या पाठीला चीर देऊन काळा दोरा काढून ठेवा.

गाळलेलं पाणी पुन्हा खळखळून उकळू द्या. गॅस बंद करा, कोळंबी आत सोडा, झाकण ठेवा. मध्यम आकाराची असेल तर दोन-तीन मिनिटं पुरतात. एक काढून मधोमध कापून बघा. काचेसारखा भाग उरला नसेल आणि आतपर्यंत पांढरी-गुलाबी झाली असेल तर ताबडतोब उपसा. शेपटीचं टोक डोक्याकडच्या टोकाला भिडेपर्यंत आवळली तर ती जास्त शिजली. नळाखाली धरू नका, चव वाहून जाते. मोठ्या ताटात एकेक सुटी पसरा, वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये ठेवा. तुमच्या सासऱ्यांनी बाजूला सारलेली कोळंबी बहुतेक भाजी उकडतात तशी झाकण ठेवून शिजवलेली असणार. तशी ती कोणालाच आवडणार नाही हो.

आता पातेल्यात उरलेलं पाणी मोठ्या आचेवर आटवा. दोन-तीन मोठे चमचे उरेपर्यंत आटवायचं. रंग तांबूस येतो आणि वास सगळ्या घरात पसरतो. मीठ सुरुवातीला चिमूटभरच घाला म्हटलं ते याचसाठी, आटल्यावर ते तेवढंच राहतं. हा अर्क गार करून ड्रेसिंगमध्ये घालायचा. एक थेंब तेल नाही, पण मूळचा कोकणी माणूस पहिल्या घासाला मान वर करतो.

ड्रेसिंगसाठी डबल टोन्ड दुधाचं दही लावा. त्या दुधात फॅट दीड टक्का असतं. पंच्यात बांधून तीन-चार तास फ्रिजमध्येच टांगा, बाहेर ठेवलं की आंबतं. तीन मोठे चमचे चक्का, त्यात तो अर्क, अर्ध्या लिंबाचा रस, आल्याचा रस, मिठाबरोबर चुरडलेली एखादी हिरवी मिरची, चिमूटभर साखर. आणि मोहरी फेसून घाला. आपल्या आया भरीत-रायत्याला घालायच्या तीच, अर्धा चमचा, थोड्या पाण्याबरोबर नाकात झिणझिणी येईपर्यंत फेसलेली. मेयोनीजचा जो झटका लोकांना आवडतो त्यातला बराचसा मोहरीचाच असतो.

भाज्यांत कोचवलेली काकडी हवीच, पण मीठ लावून पंधरा मिनिटांनी घट्ट पिळून. न पिळता घातलीत तर वाढेपर्यंत वाडग्यात तळं होतं. करकरीतपणासाठी नवलकोल घाला. परदेशी कृतींत सेलरी सांगतात, पण मंडईतला कोवळा नवलकोल सोलून बारीक चिरला की मला तो सेलरीपेक्षा सरस वाटतो. कांद्याची पात, थोडा मुळा, कोथिंबीर. डाळिंबाचे दाणे आणि अननस लोक घालतात, मला पटत नाही. गोड फळ आलं की कोळंबीचा स्वतःचा गोडवा मागे पडतो. दाण्याचं कूट तर नकोच, शेंगदाण्याचं जवळजवळ अर्धं वजन तेलाचं असतं.

डेक्कनवाली ताई, क्रॅब स्टिक्समध्ये बहुधा खेकडा नसतो. पांढऱ्या माशाचा कुटून धुतलेला गोळा, त्यात स्टार्च, साखर, मीठ आणि रंग. फॅट कमी असतं हे खरं, पण ७२ वर्षांच्या माणसाला मासळी म्हणून ते द्यावं असं मला वाटत नाही. त्यापेक्षा माकूल, म्हणजे स्क्विड घ्या. साफ करून पातळ चकत्या कापा, उकळत्या पाण्यात मिनिटभर घाला आणि लगेच काढा. माकूल एकतर मिनिटभर शिजवावं नाहीतर पाऊण तास, मधल्या वेळात ते चिवट होतं आणि दातांना दाद देत नाही.

आहारसल्लागार, सहकारनगर

हर्णैकर काकांनी इतकं छान लिहिलंय की कृतीत भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. फक्त आकडे सांगते.

साध्या मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १० ग्रॅम फॅट असतं, म्हणजे ९० कॅलरी तरी होतात. सॅलडच्या वाडग्यात असे तीन-चार चमचे सहज जातात. उलट १०० ग्रॅम कोळंबीत फॅट एखाद-दोन ग्रॅमच आणि प्रथिनं मात्र वीस ग्रॅमच्या घरात.

आता कोणीतरी विचारेलच म्हणून लिहिते. कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं, १०० ग्रॅम शिजलेल्या कोळंबीत साधारण १९० मिलिग्रॅम. माकुलात त्याहून थोडं अधिकच. पण बहुतेकांच्या रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा, म्हणजे साय-लोणी-खोबऱ्यातल्या मेदाचा वाटा मोठा असतो, आणि तो कोळंबीत नगण्य आहे. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेतली रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५-२० च्या आवृत्तीत काढली गेली, ती याच विचाराने. तरी तुमच्या सासऱ्यांना मधुमेह असेल किंवा कोलेस्टेरॉल खूपच वर असेल, तर आठवड्याला किती खावं हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. मिठाकडेही लक्ष द्या. काही फ्रोझन कोळंबीला पाणी धरून ठेवण्यासाठी फॉस्फेट आणि मीठ लावलेलं असतं, पाकिटावरचे घटक वाचूनच घ्या.

एक विनंती. कमी फॅटचा हट्ट बांगड्याच्या बाबतीत करू नका. तो तेलकट मासा आहे, पण त्यातलं ओमेगा-३ हृदयाला हितकारक आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा मासे खा म्हणतात तेव्हा निदान एकदा बांगडा किंवा तारली असावी.

कर्वेनगरची सून

किती आभार मानू! डोक्या-सालांचं पाणी आटवायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नसतं. बाबांना वाचून दाखवलं तर लगेच म्हणाले, “आमची आई डोक्यांचं सार करायची.” बऱ्याच दिवसांनी स्वतःहून खाण्याविषयी बोलले.

दोन शंका राहिल्या. दह्याचं काय करू? सासूबाई म्हणतात अंगावर पांढरे डाग उठतात. त्यांचं मन मोडून मला काही करायचं नाहीये. आणि डब्याचं कोणी सांगितलं नाही. शिवाय बांगड्याचं सॅलड होतं का?

आहारसल्लागार, सहकारनगर

मासे आणि दूध हा विरुद्ध आहार असल्याचं चरकसंहितेत आहे, त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं जुन्या परंपरेतून आलेलं आहे. कोड मात्र शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला केल्यामुळे होतं. मासे-दह्याने ते होतं असं वैद्यकीय संशोधनात दिसलेलं नाही. बंगालमध्ये दोई माछ, म्हणजे दह्यातला मासा, घरोघरी करतात. पण घरातल्या मोठ्या माणसाच्या मनात किंतु असेल तर जेवणाची गोडी जाते. दह्याशिवाय जमत असेल तर तेच करा.

हर्णैकर

जमतं की! आमच्या घरीही आई होती तोवर दही चालत नव्हतं. एक कांदा आणि एक टोमॅटो गॅसच्या आचेवर काळे होईपर्यंत भाजा, करपलेली सालं काढा आणि मिठाबरोबर बारीक वाटा. त्यात तोच आटवलेला अर्क, फेसलेली मोहरी आणि कोकमाचं आगळ चमचाभर. आगळात मीठ असतं, म्हणून वरून मीठ घालण्याआधी चाखा. चक्क्याइतकं दाट होत नाही, पण कोळंबीला नीट चिकटतं. खरं सांगायचं तर मला हेच जास्त आवडतं, आणि सासऱ्यांनाही आगळाचा वास ओळखीचा वाटेल.

बांगड्याचं उत्तम होतं, फक्त दह्यात नको, आगळातच करा. आख्ख्या बांगड्याला मीठ आणि हळद चोळून बिडाच्या तव्यावर तेल न घालता मंद भाजा. त्याचं स्वतःचंच तेल सुटतं. गार झाल्यावर काटे काढून मोठे मोठे तुकडे करा, चुरा करू नका. बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, नवलकोल, आणि मोसम असेल तर कैरीचे काप. बांगडा घेताना मात्र कडक राहा. तो उन्हात, बर्फाविना पडून राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. लोक म्हणतात बांगडा बाधला, पण खरा दोष साठवणीचा असतो. बर्फात गाडलेलाच घ्या. घरी नेताना बर्फ मागून घ्या, कोळीण मावशी नाही म्हणत नाहीत.

तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, याही या सॅलडला सुरेख, पण पुण्यात जिवंत मिळाल्या तरच. शिजवण्याआधी टिचकी मारून मिटत नाही ती टाका, शिजल्यावर उघडत नाही तीही टाका. लिंबात मुरवून कच्ची मासळी खायची नवी पद्धत आली आहे, ती घरी करू नका. लिंबाने मांस पांढरं दिसतं, पण जंतू सगळे मरत नाहीत.

पावसाळ्याचंही आत्ताच सांगून ठेवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजी म्हणून सुरमई दाखवली तर चार प्रश्न विचारा. तेव्हा मी उजनीची चिलापी घेतो, भिगवणकडून येते ती. काटे काढलेले तुकडे आलं-मीठ लावून सात-आठ मिनिटं वाफवले की पांढरे शुभ्र पदर सुटतात. समुद्राची चव नाही तिला, पण ताजी असते. तिला मोहरी आणि लिंबू जरा चढंच लागतं.

मडगावची, सध्या बाणेर

कोणीच किसमुरीचं नाव काढलं नाही म्हणून लिहिते! आमच्या गोव्यात सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची किसमूर म्हणजे मासळीचं सॅलडच. सुकी सुंगटं कोरडी भाजायची, कांदा, मिरची, कोथिंबीर, कोकम किंवा लिंबू घालून जेवायच्या आयत्या वेळी कालवायची. मुळात भरपूर ओलं खोबरं पडतं. तुमच्या सासऱ्यांसाठी ते चमचाभरच ठेवा आणि बाकी जागा किसून पिळलेल्या काकडीला द्या. सुंगटं खारट असतात, आधी दोन पाण्यांतून काढा आणि कोरडी करून मगच भाजा. पावसाळ्यात याहून सोपं काही नाही.

हर्णैकर

किसमुरीची आठवण करून दिलीत, छान केलंत. आम्ही जवळ्याची करतो तशीच.

सूनबाई, डब्याचं राहिलं. नेता येईल, पण कालवून नव्हे. रविवारी शिजवलेली कोळंबी तासाभराच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे. भाज्या पिळून वेगळ्या, ड्रेसिंग छोट्या बरणीत वेगळं. सोमवारी सकाळी डबा इन्सुलेटेड पिशवीत, खाली बर्फाचं गोठवलेलं पाकीट, आणि ऑफिसात पोचल्यावर सरळ फ्रिजमध्ये. जेवायला बसल्यावर कालवा. एप्रिल-मे महिन्यात आणि ऑफिसात फ्रिज नसेल तर नेऊ नका. मंगळवारपर्यंत ठेवायचं तर मुळीच नाही, सोमवारी रात्री उरलेली कोळंबी कांद्या-टोमॅटोच्या रश्श्यात घालून चांगली उकळा आणि संपवा.

सासऱ्यांना पहिल्यांदा द्याल तेव्हा लेट्युसच्या पानावर वगैरे मांडू नका. ताटात भाकरी, बाजूला वाटीभर सॅलड, आणि डोक्या-सालांचं थोडं पाणी आटवण्याआधी बाजूला ठेवून त्याचंच कोकम घालून केलेलं गरम सार. गुहागरच्या माणसाला जेवल्यासारखं वाटायला सार लागतंच.

कर्वेनगरची सून

काका, रविवारी पहाटेच गणेश पेठेत जाते. भांडं घेऊन जाऊ का बर्फासाठी, की पिशवीत मिळतो?

हर्णैकर

झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पिशवी गळते आणि मासळी वितळलेल्या पाण्यात बसते. डब्यात तळाला बर्फ, त्यावर कोळंबीची बंद पिशवी, वर पुन्हा बर्फ. घरी आल्या आल्या आधी डोकी काढा, बाकीची कामं नंतर.